तिसऱ्यांदा बसवलेली चावी

ही गोष्ट खरी आहे. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खरी. गळ्याची शपथ. कुणाच्या गळ्याची ते विचारू नका; माझ्या शपथेला आमच्या घरात आता कुणी गळा देत नाही. हे सगळं घडलं तेव्हा मी स्वतः तिथं होतो. म्हणजे... तिथं नव्हतो. त्या संध्याकाळी मी इथंच शहापुरात एका साखरपुड्यात जिलेबी वाढत होतो, आणि त्याला साक्षीदार आहेत. पण महिपतनं ती मला सांगितली तेव्हा मी त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो, आणि सांगताना त्याचं तोंड कसं झालं ते मी पाहिलंय. ते तोंड ज्यानं पाहिलं तो तिथं होता, असंच म्हणायला हवं.

"मामा, मागच्या वेळी डोळखांबच्या रानात तुझ्याशी वाघ बोलला होता," माझा भाचा अनिकेत म्हणाला.

"बोलला नव्हता. खाकरला होता. तुमी लोक गोष्ट वाढवून सांगता."

"आणि आज कोण खाकरणार हाय?" त्याची बहीण अक्षदा. तिनं शाल पायांवर ओढून घेतली होती. जेवणं झाली होती, ओटीवर आम्ही तिघंच होतो, आणि समोरच्या रस्त्यावर आता कुत्रंसुद्धा नव्हतं.

"आज कुणी नाय. आज नुसतं एक घड्याळ हाय. जुनं, चावीचं."

तर ऐका.

महिपत घड्याळवाला. त्याची काचेची पेटी आधी शहापूरच्या बाजारात, आमच्या दुकानाला लागून होती. मग सासुरवाडीनं ओढलं आणि तो मुरबाडला गेला, एसटी स्टँडच्या बाजूला. घड्याळं दुरुस्तीला आणणारं गिऱ्हाईक आता राहिलंय कुठं? तो मोबाइलवर काचा चिकटवतो, रिमोटचे सेल विकतो, कुणाच्या चष्म्याचा स्क्रू पिळून देतो. पण महिन्या-दोन महिन्यांनी एखादं चावीचं घड्याळ येतं, आणि मग महिपत उजव्या डोळ्यात भिंग अडकवतो. त्या वेळी बायकोनं हाक मारली तरी त्याला ऐकू येत नाही. "बायकोनं मारली तर तसंही येत नाय," असं तो म्हणतो, पण ते वेगळं. महिपतला गर्व एकाच गोष्टीचा: त्याच्या हातून गेलेलं काम परत येत नाही.

दिवाळी होऊन चार दिवस झाले असतील. वैशाखऱ्याचे काळूराम गोजर त्याच्या पेटीसमोर येऊन उभे राहिले. साठीकडे झुकलेले, भातशेती करणारे, अंगानं काटक. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यातून घड्याळ काढलं. पांढऱ्या डायलचं, चामडी पट्ट्याचं, पन्नास वर्षांपूर्वीचं. कडेला जिथं चावी असते तिथं नुसतं भोक.

"चावी कुठंय?"

"हरवली."

"दांडीसकट?"

"हरवली," काळूराम परत म्हणाले.

घड्याळाची चावी म्हणजे नुसतं ते दातेरी बोंड नव्हे. त्याला आत सुईसारखी दांडी असते. ती दांडी मशीनमध्ये एका खटक्यात बसते, आणि खटका आवळणारा एक स्क्रू असतो. तो स्क्रू अर्धा फेरा सैल करायचा, दांडी हलकेच फिरवत आत सारायची, आत 'टक्' झालं की स्क्रू आवळायचा. अर्धा म्हणजे अर्धाच. पाऊण फेरा केला की खटका डायलच्या खाली पडतो आणि मग सगळं मशीन सुटं करत बसा. महिपतनं जुन्या डब्यातली एक दांडी मापाला घासली, तिला चावी लावली, आत बसवली, बावीस फेरे चावी दिली आणि घड्याळ कानाला लावलं. चालू. काळूरामांनी ते कानाला लावलं नाही. रुमालात गुंडाळलं आणि गेले.

दहा दिवसांनी परत आले. रुमाल काढला, घड्याळ काढलं. कडेला भोक.

महिपतचे कान लाल झाले. त्यानं दुसरी दांडी घातली, दुसरी चावी बसवली, आणि स्क्रू इतका आवळला की त्याचं बोट दुखलं. "आता निघाली तर हे दुकान तुमचं," तो म्हणाला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुकान काळूरामांचं व्हायची वेळ आली.

या वेळी महिपतनं भिंग लावून ते भोक नीट न्याहाळलं. भोकाच्या दोन्ही अंगांना, केसवर, बारीक ओरखडे होते.

"काळूरामदादा, ही निघालेली नाय. ही पकडीनं उपटलीय."

काळूरामांनी रुमालाची घडी घातली.

"घरात लहान पोर हाय का?"

"नाय."

"मग कोण उपटतंय? माझं नाव जातंय हो. बाजारात कळलं तर लोक सेल बदलायला पण येणार नायत."

काळूरामांनी रस्त्याकडं बघितलं. एक एसटी आली, माणसं उतरली, एसटी गेली. मग ते म्हणाले, "कमळा काढते. माझी बायको."

"वैनी? का?"

"इथं सांगता नाय यायचं. तुमी घरी या. गुरुवारी. सात वाजायच्या आत या आणि तिथंच बसून बसवा. आणि अशी बसवा, की निघता कामा नये."

महिपत म्हणतो, मला दया आली म्हणून गेलो. मी त्याला तीस वर्षं ओळखतो. दया-बिया काही नाही. त्यानं बसवलेली चावी एका बाईनं दोनदा उपटली होती आणि ती कशी उपटते ते त्याला बघायचं होतं. दयेची वेळ नंतर आली.

मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार, एकोणीस डिसेंबर. महिपतनं साडेपाचलाच शटर ओढलं. डब्यात हत्यारं, दोन दांड्या, दोन चाव्या, आणि एक बारीक बाटली. स्क्रूवर त्यातला एक थेंब टाकला की तो जागच्या जागी आवळून धरतो; तसं घड्याळ पुढं उघडणारा कारागीर थेंब टाकणाऱ्याच्या आईबहिणीचा उद्धार करतो, म्हणून महिपत ती बाटली सहसा वापरत नाही. त्या दिवशी त्यानं ती मुद्दाम घेतली.

सरळगाव गेलं, टोकावडे गेलं. थंडी स्कूटरच्या हँडलवरून बाहीत शिरत होती. उजव्या हाताला सिद्धगडाचा डोंगर काळा होत चालला होता आणि शेतांत भात कापून झालेलं, खोडक्या उभ्या. वैशाखऱ्याच्या फाट्यावर तो पोचला तेव्हा पावणेसात झाले होते. पौर्णिमा होऊन चार दिवस झालेले, म्हणजे चंद्र उगवायला अजून तीन तास. फाट्यावरून आत पाच मिनिटांवर काळूरामांचं घर. ओटी, माजघर, मागं चूल. दाराजवळच्या भिंतीला एक लाकडी फळी ठोकलेली. फळीवर एक कंगवा, कारखान्याचं ओळखपत्र, पावडरचा डबा. बस, तेवढंच. दुसऱ्या भिंतीवर फोटो. पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा, फोटोला हार.

महिपतला तेव्हा कळलं की घड्याळ काळूरामांचं नाही.

"दीपेश," काळूराम म्हणाले. "घड्याळ माझ्या बापाचं. पण घालायचा तोच."

दीपेश मुरबाडला एका कारखान्यात मशीनवर होता. कायम रात्रपाळी. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून त्यानं आजोबांचं घड्याळ ट्रंकेतून काढलं. रोज साडेसातला तो फळीपाशी उभा राहायचा, कंगवा फिरवायचा, घड्याळाला चावी द्यायचा, मनगटाला बांधायचा, कडी काढून फाट्यावर जायचा. सातचाळीसची गाडी. चावी दिल्याशिवाय घर सोडलं नाही कधी. गणपती गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याला उशीर झाला. चावी देत होता, आणि चुलीपासून आई ओरडली, किती पिळत बसशील रे, गाडी जाईल ना! त्यानं घड्याळ तसंच फळीवर टाकलं आणि पळाला. फाट्यावर गाडी उभी होती. गाडीकडं बघत त्यानं रस्ता ओलांडला. घाटातून टेम्पो खाली येत होता.

"दिवस झाले," काळूराम म्हणाले, "आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून... साडेसातला... फळीवर चावीचा आवाज यायला लागला. किर्र, किर्र. मग कडी निघायची. मग अंगणात पावलं. फाट्याकडं."

"तुमी ऐकलं?"

"दोघांनी. एकदा कमळा मागं धावली. पार रस्त्यापर्यंत. तिथं कुणी नव्हतं, टेम्पो होते नुसते. दुसऱ्या दिवशी तिनं पकड घेतली आणि चावी उपटली."

"का पण?"

"चावी दिल्याशिवाय तो घर सोडत नाय ना. मग... रस्त्यावर जाणार नाय. घरातच राहील."

"आणि राहतो?"

काळूरामांनी मान हलवली. "शोधतो. रात्रभर. फळीवर, डब्यात, खाली जमिनीवर. कोंबडा आरवेपर्यंत शोधतो, महिपतभाऊ. मी दोनदा चावी बसवून आणली. दोनदा तिनं संध्याकाळच्या आत काढली."

अक्षदा मला जरा चिकटली. अनिकेतनं मोबाइल उलटा करून ठेवला. मी पाणी प्यायलो. गोष्ट सांगताना पाणी कधी प्यायचं हेही एक शास्त्र आहे.

तेवढ्यात कमळाबाई चहा घेऊन आली. बुटकी बाई, पूर्वी हसरी असावी. डोळे सुजलेले नव्हते. रडून रडून मग सुकतात तसे होते. पदराच्या टोकाला एक गाठ मारलेली होती, सुपारीएवढी.

"तुमच्या कामात खोट नाय हो महिपतभाऊ," ती म्हणाली. "लय घट्ट बसवता तुमी. दोन्ही वेळेला पकड घसरून माझ्या हाताला लागली."

"मग कशाला काढता, वैनी?"

"तुमची पोरं किती?"

"दोन."

"मग विचारू नका."

सात वाजून दहा मिनिटं. महिपत भिंतीपाशी मांडी घालून बसला, फडकं पसरलं, काळूरामांनी रुमालातून काढून दिलेल्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. आणि हे मुद्दाम सांगतो, त्या घरात लाइट होती. भुताच्या गोष्टीत लाइट जाते आणि सांगणाऱ्याचं फावतं. इथं ट्यूब होती. लख्ख. फळीवरच्या कंगव्याचा दात न् दात मोजून घ्यावा.

त्यानं स्क्रू सैल केला. अर्धा फेरा.

बाहेर गाव होतं. कुणाकडं तरी उदबत्ती लावलेली, वास येत होता. लांब कुणी रेडिओ बंद केला.

सात पंचवीस.

कमळाबाई उठली आणि दाराला कडी घातली. येऊन फळीच्या खाली बसली. काळूराम उभेच होते.

सात सत्तावीस. अठ्ठावीस.

मग...

फळीवर काहीतरी सरकलं.

महिपतनं वर बघितलं. कंगवा. बोटभर सरकला होता. वारा नव्हता. त्याच्या बघता बघता तो अजून बोटभर सरकला. मग लाकडावर आवाज. नखांचा नाही, बोटांच्या पेरांचा. आंधळा माणूस ताट चाचपतो तसा. डावीकडून उजवीकडं... उजवीकडून डावीकडं.

ओळखपत्राची पट्टी हलली. पावडरच्या डब्याचं झाकण उघडलं. खाली पडलं नाही. कुणीतरी हळूच बाजूला ठेवलं.

रोज निदान घड्याळ तरी असायचं फळीवर. आज तेही नव्हतं. ते महिपतच्या फडक्यावर होतं.

पेरांचा आवाज वाढला. फळीवर. मग भिंतीवर. मग खाली. जमिनीवर. जवळ.

अजून जवळ.

महिपतला वाटलं, आपण उठावं. आणि मग त्याच्या उजव्या डोळ्यातलं भिंग... धुरकटलं. बाहेरच्या बाजूनं. कुणीतरी अगदी तोंडाशी वाकून बघत असावं आणि त्याचा श्वास काचेवर बसावा तसं.

"दिपू," कमळाबाई म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "त्यांना त्रास देऊ नको. नाय मिळायची ती. बस तू."

आवाज थांबला.

"बस रे बाळा. मीच ओरडले त्या दिवशी. आता कसली घाई नाय. गाडी जाऊ दे."

काहीच नाही. नुसती ट्यूबची घरघर.

"तो बसत नाय, कमळा," काळूराम म्हणाले. "तीन महिने झाले. एकदा तरी बसल्याचा आवाज आला का गो? खाटेवर, पाटावर, कुठं तरी? उभाच हाय. तीन महिने पोर उभा हाय... दमला असेल."

कमळाबाईनं नवऱ्याकडं बघितलं.

मग तिनं पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि गाठ दातांनी सोडली. आत तीन चाव्या होत्या, दांड्यांसकट. दोन नव्या, महिपतनं बसवलेल्या. एक जुनी, दाते झिजलेली, गुळगुळीत. तिनं जुनी उचलून महिपतच्या तळव्यावर ठेवली.

"ही बसवा. त्याच्या बोटाला हीच ठावी हाय."

महिपतनं भिंग पुसलं. दांडी भोकात. फिरवत फिरवत आत. टक्. स्क्रू आवळला. बाटलीतला थेंब... टाकला. झाकण लावलं. उठला, आणि घड्याळ फळीवर ठेवलं.

तिघं बघत राहिले.

साडेसात... वर दोन मिनिटं.

किर्र.

चावी आपोआप फिरली. थांबली. परत.

किर्र... किर्र...

महिपत मोजत होता. सवयच ती. दहा. पंधरा. बावीस. थांबलं.

घड्याळ टिकटिकायला लागलं.

कडी उचलली गेली. सावकाश, आवाज होऊ नये म्हणून उचलतात तशी. दार उघडलं. कमळाबाई उंबऱ्यापर्यंत गेली. दोन्ही हातांनी चौकट धरली, आणि पुढं पाऊल टाकलं नाही.

"दिपू," ती अंधारात म्हणाली, "रस्ता बघून जा रे. गाडी गेली तर जाऊ दे. मागून दुसरी येते."

पावलं गेली. फाट्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला. थोडा वेळ थांबली. मग निघाली.

त्यानंतर त्या घरात साडेसातला कधीही, काहीही वाजलं नाही.

अक्षदानं शालीनं डोळे टिपले आणि सर्दी झाल्यासारखं केलं. अनिकेत मात्र माझ्याकडं बघत होता. हे पोरगं वकील होणार.

"मामा."

"काय रे?"

"यात खोटं काय?"

"काय नाय. शपथ घेतलीय ना."

"मामा, काहीतरी हाय. तुझी गोष्ट इतकी सरळ कधी संपत नाय."

मी खरंतर उठणार होतो. तांब्या उचलला होता. मग परत खाली ठेवला.

"कमळाबाई," मी म्हणालो, "त्या वेळी घरात नव्हती."

"म्हणजे?"

"म्हणजे बाकी सगळं तसंच. कंगवा, भिंग, सगळं. पोर उभा हाय, दमला असेल, हे काळूरामांनीच म्हटलं, पण महिपतला. तिची पकड, पदरातली गाठ, हे काळूरामांच्याच तोंडचं; चहा आणि तिचं बोलणं मी घातलं. ती स्वतः तिथं नव्हती. शेजारी वत्सलाबाई राहते. तिच्याकडं गुरुवारचं हळदीकुंकू होतं. काळूरामांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, कमळाला घेऊन जा, आठपर्यंत सोडू नको. पहिली चावी उपटल्यापासून ती बाई दिवेलागणीला उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. त्या दिवशी वत्सलाबाईनं हाताला धरून नेली. आणि ती आठला परत यायच्या आत या दोघांनी काम उरकलं."

"आणि ती चावी? तिनं दिलेली?"

"तिनं कुठली द्यायला? ती तिच्या पदरात होती, शेजारच्या घरात. महिपतनं डब्यातली नवीनच बसवली. तो सांगतो, त्या नव्या चावीवर बोटं आधी अडखळली. एकदा फिरली, थांबली. जणू विचारतोय, हीच ना?... मग बावीस फेरे."

"मग ते दारातलं... रस्ता बघून जा..."

"ते ती म्हणते. रोज. साडेसातला उंबऱ्यात उभी राहून. आता तिथं ऐकायला कुणी नाय. मी नुसतं तिला घरात आणून ते वाक्य वेळेवर नेऊन ठेवलं. एवढीच माझी थाप. माझ्याच्यानं ते तसं सांगवलं नाय."

अक्षदाला आता सर्दीचं सोंग करायचीही शुद्ध नव्हती.

कमळाबाई आठ वाजता घरी आली. ओटीत नारळ, कपाळाला कुंकू. दार उघडं होतं. घड्याळ चालू होतं. तिनं दोघा पुरुषांकडं एकदा बघितलं, घड्याळ उचललं, चावीला बोट लावून ओढून पाहिलं. निघाली नाही. महिपतनं बाटलीतला थेंब टाकला होता ना. चांगलं काम होतं ते. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. ती त्याला रागानं काही बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "चहा घेतला का तुमी?"

तेव्हापासून महिपतकडं चावीचं घड्याळ घेऊन कुणी आलं, की तो भिंग लावण्याआधी विचारतो, "बसवू ना?" गिऱ्हाईक हसतं. म्हणतं, त्यासाठीच तर आणलंय. तरी तो परत एकदा विचारतो.

"आता पुढचं मी रचलेलं नाय," मी म्हणालो. "हे पुढच्या गुरुवारी महिपत तिथं गेला तेव्हा कमळाबाईनं सांगितलं, आणि त्याची खूण त्यानं स्वतः दिवसाउजेडी पाहिलीय."

वत्सलाबाईकडं त्या संध्याकाळी आरती चालू होती. सगळ्या बायका डोळे मिटून उभ्या. साडेसात होऊन चार-पाच मिनिटं झाली असतील. कमळाबाईला वाटलं, कुणीतरी वाकून आपल्या पाया पडलं. एखादी सून असेल, घाईत निघाली असेल. ती डोळे न उघडताच, सवयीनं पुटपुटली, "सुखी राहा." आरती संपल्यावर बघितलं तर जवळपास कुणी नव्हतं.

रात्री पाय धुताना तिला दिसलं. दोन्ही पावलांवर, वरच्या बाजूला, चार-चार बोटं. काळी. मशीनच्या तेलाची, दीपेशच्या नखांत कायम असायचं तसल्याच तेलाची.

तिनं तांब्या बाजूला ठेवला. पाय तसेच राहू दिले.